नंबरासाठी सोडलेली जागा

१३ जुलै, रविवार

उत्तनजवळच्या पालीला जाऊन आले. मासळीला नव्हे, टेप धरायला. केतकीबरोबर ऑफिसातली जी दुसरी मुलगी जाते तिला ताप. सून एकटी काय काय धरणार, टेप, मोबाइल, छत्री? म्हटलं चल, मी येते. "आई, तुम्ही?" म्हणाली. टेपचं टोक धरायला काय कॉलेज लागतं?

गल्ली एवढीशी की समोरून स्कूटर आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घर कोळ्याचं. मावशी माझ्याहून मोठी, आवाज त्याहून मोठा. दारातच आडवी. "माजा घर इकाचा न्हाय. मापतंस कशाला गो?" केतकी शांत. "विकायचं नाही मावशी. तुमच्या मुलाला बोटीच्या इंजिनाला लोन पाहिजे ना? बँकेला घराची किंमत कळायला लागते. तेवढीच काढायची." मावशी म्हणाली, "मंग मला पन सांग ती. ज्यानं बांधला त्याला पन म्हाईत न्हवती." नंतर माझ्या हातातलं टोक ओढून घेतलं आणि स्वतःच धरून उभी राहिली. मला म्हणते, वाकडा धरतंस.

संध्याकाळी केतकीने रिपोर्ट टाइप केला. भिंती, छप्पर, रस्ता केवढा, आजूबाजूला काय भाव चाललाय, सगळं तिनं. मी बाजूला बसून बघत होते. खाली सहीच्या जागी पाटकर सरांचं नाव. सर आज घरी, रविवार ना. विचारलं, तुझं नाव कुठाय? म्हणाली, "माझं नसतं आई. सर रजिस्टर्ड व्हॅल्युअर आहेत, मी नाही."

एवढी वर्षं मी बिल्डिंगभर सांगत फिरतेय की माझी सून घरांच्या किमती ठरवते. आणि नाव पाटकरचं!

१४ जुलै

सकाळी चहा ओतता ओतता विचारलं, मग तू रजिस्टर कधी होणार? म्हणे, "ते दुकानात मिळत नाही आई." काय काय लागतं ते सांग म्हटलं. सिव्हिलची डिग्री लागते. आहे. पाच वर्षं काम केलेलं लागतं. झाली, याच महिन्यात. मग कोर्स, मग परीक्षा, मग सरांचं पत्र लावून अर्ज, मग सरकारकडून नंबर. नंबर आला की स्वतःची सही.

अर्धं तर झालेलंच आहे. मग बसलीयेस कशाला?

"रेवा लहान आहे..." रेवा माझ्याकडे. "स्वयंपाक..." माझ्याकडे. मी सिल्व्हर पार्कातल्या अर्ध्या ऑफिसांना डबे देते, घरची चार माणसं मला जड आहेत का? "निलेशला विचारते." माझा मुलगा एअरपोर्टच्या कार्गोत, कायम नाईट. दुपारी उठल्यावर विचारलं तर झोपेतच हो म्हणाला. त्या हो ला काय अर्थ नाही, पण चालेल.

२१ जुलै

कोर्स सुरू! ऑनलाइन. संध्याकाळी. बेडरूम तिला दिली, आम्ही सगळे हॉलमध्ये. टीव्ही बंद. रेवाने भोकाड पसरलं, तिला टेप दिली मोजायला. कूकर बारा वेळा मोजला.

२५ जुलै

लसूण सोलायला मुद्दाम तिच्या दाराशी बसते. दार उघडं ठेवते ती, गरम होतं म्हणून. इंग्रजी सगळं कळत नाही, पण ते मास्तर मध्येच हिंदीत सांगतात. आज बाजारभाव म्हणजे काय ते सांगितलं. राजीखुशीने विकणारा, राजीखुशीने घेणारा, दोघांना मालाची माहिती, आणि कोणालाच घाई नाही. असा सौदा झाला तर तो खरा भाव.

कोणालाच घाई नाही म्हणे. मीरा रोडला असा माणूस दाखवा मला.

जेवताना के. ला म्हटलं, या हिशोबाने मला जन्मात खरा भाव मिळायचा नाही. ठसका लागेपर्यंत हसली. खूप दिवसांनी.

२९ जुलै

बाजारात ती मासळीवाली जाडी मेरी बसते ना, तिच्याशी बांगड्याच्या भावावरून घासाघीस. म्हटलं तू राजीखुशीने देतेस का? म्हणाली, "बाय, चार वाजलेत, बर्फ संपला, मी कसली राजीखुशी." म्हणजे घाई तिला. तर भाव खाली. दिलाच तिने खाली. शिक्षणाचा फायदा आहे.

३ ऑगस्ट

आज भांडलो थोडं. मी म्हटलं, परीक्षेत एकपण प्रश्न कोरा सोडायचा नाही. आम्हाला चौथीत गुरुजींनी हेच शिकवलेलं, येत नसेल तरी काहीतरी लिहा, कागद कोरा दिसता कामा नये. मी तर भूगोलाच्या पेपरात आमच्या गावची माहिती लिहिलेली. के. म्हणते, "इथे चुकलं तर मार्क कापतात आई. माहीत नाही तिथे हात लावायचा नाही."

म्हणजे गप्प बसायचे मार्क?

"गप्प बसायचे मार्क नाहीत. बोलून चुकलं तर असलेले जातात."

कसली ही परीक्षा. माझं तर पहिल्या पानावरच सगळं गेलं असतं.

१० ऑगस्ट, रवि.

परीक्षेची तारीख घेतली. २९ ऑगस्ट. मी कॅलेंडर बघितलं. गणपती २७ ला.

के. म्हणाली, तारीख पुढची घेते. म्हटलं खबरदार. पुढे मग नवरात्र, मग दिवाळी, मग रेवाचं आजारपण. पुढे म्हणजे कधीच नाही, मला माहीत आहे पुढे म्हणजे काय.

११ ऑगस्ट

ह्यांना फोन केला. गावी असतात ते, रिटायर झाल्यापासून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक गणपती चुकवला नाही. निलेश पोटात असताना एसटीने गेले, उभ्याने. सांगितलं, यंदा निलेश येईल रेवाला घेऊन. मी आणि सूनबाई नाही.

दोनदा हॅलो हॅलो केलं. मला वाटलं रेंज गेली.

"का?"

"परीक्षा आहे."

"कोणाची?"

"केतकीची."

"मग तू कशाला थांबतेस?"

आता काय सांगू. डबा कोण देणार, दाराशी लसूण कोण सोलणार. म्हटलं, "माझीपण आहे असं समजा."

"नैवेद्य कोण करणार?"

"तुम्ही करा. एवढी वर्षं खाताय, दिसलं असेल कसं करतात ते."

ठेवला फोन त्यांनी. ठेवू दे.

२४ ऑगस्ट

निलेश आणि रेवा गावी गेले. घर सुनं सुनं. के. दिवसभर प्रश्न सोडवतेय. मी प्रश्न वाचून दाखवू शकत नाही, इंग्रजी. मग तिने प्रश्नांचे आकडे टाकून पुढे उत्तराचं अक्षर लिहून दिलं. ती बोलते, मी बघते, जुळलं तर "हं" म्हणते, चुकलं तर चमचा आपटते. एका प्रश्नाला ती म्हणाली "सोडते, माहीत नाही". माझा चमचा हवेतच. ह्याला काय करायचं?

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी व्हिडिओ कॉल. ह्यांचे मोदक बघितले. एकालाही नाक नाही, सगळे फुटलेले, सारण बाहेर. निलेश मागे हसतोय. हे म्हणाले, "गणपती काय बोलला नाही. तूपण बोलू नको." नाही बोलले. रडू आलं खरं, पण आरतीचा आवाज मोठा होता, कोणाला कळलं नसेल.

हंसाबेन शेजारच्या, त्यांनी लाडू आणून दिले. "तमे गाम न गयां?" सांगितलं. म्हणाल्या, "वहु माटे?" म्हणजे सुनेसाठी, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या जशी मी शिंग उगवलेली बाई.

२९ ऑगस्ट, शुक्र.

पास!!!

पास पास पास.

नीट लिहिते. अंधेरीला सेंटर, परीक्षा कॉम्प्युटरवर, निकाल लगेच. रिक्षाने गेलो, ट्रॅफिक, मी रिक्षावाल्याला भैया चलाओ चलाओ म्हणून वात आणला. शेवटी तो म्हणाला, "माताजी, आप ही चला लो." के. डोळे मिटून बसलेली. आत मोबाइल नाही, पर्स नाही, हातातल्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या. त्या माझ्या हातात. बाहेर बस स्टॉपच्या बाकावर बसले. एक माणूस विचारतो, मुलगी का? म्हटलं सून. तो म्हणाला, सुनेसाठी एवढं? म्हटलं तुमची बस आली.

आली बाहेर. चेहऱ्यावर काही नाही. मी बाकावरून उठले. मग म्हणाली, "आई, आठ प्रश्न सोडले." माझा जीव गेला. "आठ सोडले म्हणूनच पास झाले." मी रस्त्यात ओरडले. तिच्या बांगड्या माझ्या हातातून पडल्या, दोन फुटल्या. काचेच्या होत्या, जाऊ दे.

ह्यांना फोन केला. म्हणाले, "बरं झालं. उद्या मोदक कसे वळायचे ते सांग आता." म्हणजे राग गेला.

८ सप्टेंबर

आता अर्ज. सगळं तयार, डिग्री, परीक्षेचा कागद, फोटो. राहिलं एक, पाटकर सरांचं पत्र, की ही बाई माझ्याकडे पाच वर्षं काम करतेय. तीन ओळी. केतकीने मागितलं. सर म्हणाले, "देतो ना, घाई काय आहे."

१७ सप्टें.

परत मागितलं. "या आठवड्यात फार व्हिजिट आहेत, केतकी."

व्हिजिटना जाते कोण? हीच.

२४ सप्टें.

सर म्हणाले, दिवाळीनंतर बघू. के. म्हणते, सरांचं काम माझ्यावर चालतं, म्हणून टाळतायत. पण वाईट नाहीत आई. शिकवलं त्यांनीच. मी म्हटलं मी जाऊ का? "नाही! आई, प्लीज. काहीच करू नका."

बरं. काहीच नाही करत.

२६ सप्टें.

काहीच म्हणजे अगदीच काहीच नाही असं थोडंच. दसरा येतोय. साडेतीन मुहूर्तांतला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, माझा तवा, लाटणं, ह्यांचा कोयता. केतकीची टेप, हेल्मेट, ते लाल लाईटचं मोजायचं यंत्र, सगळं पुजायचं. मग पाटी का नको? परीक्षा पास झालीये, नंबर आज ना उद्या येणारच. असा मुहूर्त परत वर्षाने.

स्टेशनरोडच्या शफीभाईकडे गेले. पाटी मोठी सांगितली, निळी, पांढरी अक्षरं. सौ. केतकी निलेश साळवी, रजिस्टर्ड व्हॅल्युअर. शफीभाई म्हणाला, "भाभी, इसमें रजिस्ट्रेशन नंबर लिखना पडता है." म्हटलं आएगा, तुम जगा छोडो. "कितनी जगा?" मला काय माहीत किती आकडे असतात. म्हटलं जास्ती छोडो. तो म्हणाला, "नंबर आने दो, तब बना लेंगे ना, इतनी जल्दी क्या है." सगळ्यांना एकच वाक्य शिकवलंय का कोणी?

२ ऑक्टोबर, दसरा

लावली! दाराच्या बाजूला, हंसाबेनच्या तोरणापेक्षा उंच. निलेशने ड्रिल मारलं. के. आंघोळीला गेलेली. बाहेर आली, बघितलं, तिथेच उभी. ओले केस, टॉवेल हातात. नावावरून बोट फिरवलं तिने. मग म्हणाली, "आई, हे नंबराशिवाय लावायचं नसतं." म्हटलं आजचा दिवस. पूजेपुरतं. काय झालं. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू. मोकळ्या जागेवर पण कुंकवाचं बोट लावलं, तिथे नंबर येणाराय, तो बसू दे नीट.

फोटो काढला आणि सोन्याच्या शुभेच्छा सगळ्यांना पाठवल्या. माझ्या फोनमध्ये जेवढे आहेत तेवढे. गावचे, डब्यांचे, दूधवाला, सगळे. काय ते अंगठे आणि फुलं येतायत! मेरीने पण पाठवलं. फोन गरम झाला.

३ ऑक्टोबर

सगळ्यांमध्ये पाटकर सर पण होते. अडीअडचणीला म्हणून केतकीनेच दिलेला नंबर.

के. ऑफिसातून लवकर आली. रडलेली नव्हती, त्याच्या पुढचं काहीतरी. सरांनी फोटो समोर धरला. म्हणाले, "पाटी लागली, मग माझ्या पत्राची गरज काय?" आणि म्हणाले, नंबर नसताना रजिस्टर्ड लिहिणं हा नियमभंग आहे, मी अशा माणसासाठी चांगल्या वागणुकीचं लिहून देऊ का? कोणी तक्रार केली तर अर्ज बाजूला पडतो, मग जन्मभर समजावत बसायचं.

मला म्हणाली, "मी सांगितलं होतं काहीच करू नका."

एवढंच. आत गेली.

पाटी मी काढली. स्क्रू निघेना, भिंतीचं प्लॅस्टर निघालं.

६ ऑक्टो.

बोलत नाही. जेवण वाढलं तर जेवते. रेवा मध्ये. "आजी, आईला सांग पाणी." "आई, आजीला सांग नको." माझ्याशी आजपर्यंत कोणी असं गप्प राहिलं नाही. मी ओरडते, समोरचा ओरडतो, संपतं. गप्प माणसाशी भांडायचं कसं ते मला येत नाही.

लसूण सोलायला बसले तर तिने दार लोटलं. आता कोर्सही नाही, ती नुसती बसते आत.

९ ऑक्टो., गुरु.

गेले. तिला न सांगता. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती आणि मग तिचं न ऐकता गेले असं झालं असतं. असं निदान तिने नको म्हटलेलं नाही.

पाटी चादरीत गुंडाळली, रिक्षात आडवी घातली, भाईंदरला सरांचं ऑफिस. टेबलावर ठेवली, पालथी. सर घाबरले, त्यांना वाटलं काय आणलंय बाईने.

म्हटलं, "ही तुमच्याकडे ठेवा. नंबर आला की न्यायला येते. नाही आला तर ठेवून घ्या, चूल पेटवायला द्या कोणाला. लावली मी. तिने नाही. ती आंघोळीला होती."

सर म्हणाले, "वहिनी, बसा."

"बसत नाही, डबे आहेत. एकच विचारायचंय. ती गेली तर तुमच्या व्हिजिटना कोण जाणार म्हणून पत्र देत नाही ना?"

बाजूची मुलगी, पालीच्या दिवशी ताप होता ती, टाइप करता करता थांबली.

सर चिडले नाहीत. म्हणाले, "आली तेव्हा कार्पेट एरिया कशाला म्हणतात ते धड माहीत नव्हतं तिला. प्रत्येक भिंत मी दाखवली. आता बँकवाले मला फोन करत नाहीत, तिलाच करतात." मग गुडघा चोळत, "मला आता जिने चढवत नाहीत."

ह्या माणसाला गुडघ्याचा त्रास आहे हे मला माहीतच नव्हतं. मी मनात एक जाडजूड पाटकर बनवून त्याच्याशी तीन महिने भांडत होते. म्हटलं, "शिकवलंत, मान्य. मग पास झालेल्या पोरीला पुढच्या वर्गात घालायचं की आपल्याला बरं पडतं म्हणून त्याच बाकावर ठेवायचं? ती नंबर घेऊन काय गाव सोडून चाललीये का? जिने ती चढेल. पण सही तिची पाहिजे."

सरांनी चादर बाजूला करून पाटी सरळ केली. वाचली. मग हसले, हसायचं काय त्यात. "वहिनी, नावपण चुकलंय."

डिग्रीवर तिचं माहेरचं नाव. पॅनवर तेच. परीक्षा त्याच नावाने दिली. नंबर येईल तो केतकी अनंत मोरे या नावाला. सौ. केतकी निलेश साळवी म्हणून असा कोणी व्हॅल्युअर होणारच नाहीये.

मला कोणी विचारलं नव्हतं. मीपण कोणाला विचारलं नव्हतं.

तशीच आले. रिक्षात चादर मांडीवर, मोकळी.

१० ऑक्टो.

आज मीच सांगितलं तिला सगळं. गेले होते, पाटी ठेवली, काय बोलले ते शब्दाला शब्द. म्हटलं ओरड. ओरडली! चांगली ओरडली, हंसाबेनने दार उघडून बघितलं. "आई, तुम्ही माझ्या नावाचीसुद्धा वाट बघितली नाहीत!" बरोबर आहे. मी गप्प बसले. खरंच बसले, जीभ दाताखाली धरून.

शेवटी तिचं संपलं. मग विचारते, "सरांना खरंच बाकाचं बोललात?"

"हो."

"आणि ते काय म्हणाले?"

"गुडघे दुखतात म्हणाले."

तोंड फिरवलं तिने, पण खांदे हलत होते. हसत होती. मला दिसतं.

२३ ऑक्टो., भाऊबीज

दुपारी सर स्वतः आले. जिना नाही, लिफ्ट आहे आमच्याकडे, म्हणून आले असतील. हातात फराळाचा डबा आणि पाकीट. के. ने पाकीट उघडलं, वाचलं, परत वाचलं. तीन ओळी नाहीत, पानभर लिहिलंय. मला म्हणाली, "आई, पालीचं पण लिहिलंय. किनाऱ्यावरची घरं, गल्लीतली मोजमापं, स्वतंत्रपणे केली म्हणून."

टेप मी धरली होती तेव्हा. म्हणजे त्या मावशीने.

सर म्हणाले, अट एकच, माझ्याकडे येत राहायचं, आठवड्यातून काही दिवस. के. म्हणाली विचार करून सांगते. शाबास! लगेच हो नाही म्हणाली. चकल्या कोणाच्या म्हणून विचारलं सरांनी. माझ्या. पाच खाल्ल्या.

पाटीचं कोणीच काढलं नाही. जाताना दारातलं प्लॅस्टर गेलेलं भोक बघितलं मात्र त्यांनी.

२७ ऑक्टो.

अर्ज गेला. के. ने बटण दाबायच्या आधी मला बोलावलं. रेवा, निलेश, मी, तिघं मागे उभे. दाबलं. काहीच झालं नाही, एक हिरवी रेघ आली. मला वाटलं घंटा वगैरे वाजेल.

१४ नोव्हेंबर

शंका आली तिकडून. लग्नाचा दाखला मागितला, पत्ता साळवीचा आणि नाव मोऱ्यांचं कसं म्हणून. दिला. निलेश म्हणाला, नाव बदलून टाकलं असतं तर ही भानगड नसती. मी म्हटलं, तुझं नाव बदल, मग बघू किती कागद लागतात ते. जेवला गुपचूप.

तिला विचारलं, नवीन पाटीवर काय लिहायचं? म्हणाली, "नंबर येऊ दे आई." मग वर, "केतकी मोरे. पुढे सौ. नको." बरं. सौ. ची जागा वाचली, नंबर मोठा येईल.

२० नोव्हें.

शफीभाई बाजारात भेटला. "भाभी, नंबर आया? नया बोर्ड बना के रखूं?" म्हटलं ठहरो.

त्याने कानात बोट घालून खाजवलं. त्याला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

२ डिसेंबर, मंगळ.

दुपार. लिहायला बसले, कारण हात कामात पाहिजेत. पोळ्या झाल्या, भांडी झाली, रेवा झोपली, निलेश घोरतोय.

अर्जाचे मेल घरच्या टॅबवर येतात, केतकीचा फोन पडल्यापासून त्यावर मेल उघडतच नाही. टॅब वाजला. बघितलं. त्या ऑफिसचं नाव ओळखते मी आता, चित्र असतं पुढे. खाली इंग्रजी, दोनच ओळी दिसतात, बाकी उघडल्यावर. त्या दोन ओळींत तिचं नाव आहे, मोरे, तेवढं वाचता आलं. पुढचं नाही. नंबर आहे की नाही की परत काही शंका, कळत नाही.

केतकी पालीला. त्याच गल्लीत, दुसरं घर. फोन लावला. "आई, नक्की तिथलाच?" तिथलाच. मागे कोणाचा तरी कोंबडा. मग म्हणाली, "मी निघतेच. तुम्ही..." पुढे नाही बोलली काही. बोलायची गरज नव्हती.

निलेशला उठवलं तर एका मिनिटात वाचेल. हंसाबेनची नात तर सगळं इंग्रजीच बोलते. दोनदा उठले. एकदा तर टॅब हातात घेऊन दारापर्यंत. मग ते आठ सोडलेले प्रश्न आठवले. माहीत नाही तिथे हात लावायचा नाही. परत आणून ठेवला, मसाल्याच्या डब्यावर, पालथा. रेवाच्या टेपने माझं मन मोजायला पाहिजे, केवढं पुढे धावतं ते.

ह्यांचा फोन येऊन गेला. काय करतेस? म्हटलं काही नाही. "काही नाही म्हणजे?" म्हटलं खरंच काही नाही करत, बसलेय नुसती. त्यांना काळजी वाटली, डॉक्टरकडे जा म्हणाले.

दाराबाहेरचं भोक अजून तसंच आहे. निलेशला सिमेंट भरायला सांगितलं होतं, मीच नंतर नको म्हटलं.

लिफ्ट वर येतेय. थांबली. आमच्याच मजल्यावर. चपला तिच्याच, उजवी जरा घासते.

चावी तिच्याकडे आहे. मी उठत नाही.